रत्नागिरीच्या पावसात सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याच्या पेट्या आटोपल्या, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली, की हे प्रश्न यायला लागतात आणि हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक रत्नागिरी शहरात रोज सायकलने कामाला, कॉलेजला, बाजारात जाणारे. काही चिपळूण, देवगड, मालवणकडचे. तेच तेच पुन्हा टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. आपल्याकडे एवढा पाऊस पडतो. पावसाळ्यात सायकल चालवणं शहाणपणाचं आहे का?

आहे, पण रोज नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा ऐकून पुण्याची माणसं घाबरतात. मात्र आपला पाऊस सरींचा आहे. वीस मिनिटं झोडपतो, मग अर्धा तास उघडीप देतो. दिवसभराची झड लागते ती काही ठरावीक दिवस, बहुतेकदा तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत, जुलैमध्ये. शिवाय पाऊस कोमट असतो, त्यामुळे भिजल्याने कुणी गारठून पडत नाही.

मजेचं म्हणाल तर भाट्याच्या किनाऱ्यावर सायकल टेकवून समुद्रावरून येणारी सर बघा. आधी क्षितिज पुसलं जातं, मग पाण्याचा रंग शिशासारखा होतो, मग सुरूच्या झाडांत सळसळ होते आणि तुम्ही 'आली' म्हणेपर्यंत ती अंगावर असते. हे गाडीच्या काचेतून दिसत नाही.

सायकल काढू नये असे दिवस कोणते, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. मृगाची पहिली सर सायकलवर अंगावर घ्यायची हौस आहे. घेऊ ना?

घ्या, पण सायकल हातात धरून. पहिला पाऊस सगळ्यात घसरडा. सात-आठ महिने रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरची झीज आणि धूळ यांचा पहिल्या पाण्यात लेप होतो. डांबरावर पांढुरका फेस दिसला तर समजा की तो लेप अजून धुऊन गेलेला नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की रस्ता स्वच्छ होतो आणि मग तोच रस्ता बराच विश्वासाचा वाटतो.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी आणखी होतात. जांभळाच्या झाडाखाली पिकल्या जांभळांचा सडा पडतो आणि वाहनांखाली त्याचा लगदा होतो. त्यावर पुढचं चाक गेलं की संपलं. आणि रात्री खेकडे रस्ता ओलांडायला निघतात. त्यांना चुकवायला झटक्यात हँडल वळवू नका. वेग कमी करा, ते आपलं बघून घेतात.

३. घरात आजोबांची काळी सायकल आहे. ती चालेल की नवी घ्यावी?

आजोबांच्या सायकलला पावसासाठी हव्या असलेल्या दोन वस्तू आधीपासून आहेत: पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि साखळी झाकणारं चेनकव्हर. नव्या देखण्या सायकलींना हे दोन्ही नसतं, म्हणून त्यांच्या मालकांच्या पाठीवर शेपटापासून मानेपर्यंत लाल चिखलाची रेघ असते. काळ्या सायकलची अडचण म्हणजे तिचे ब्रेक. दांड्याचा ब्रेक आणि चकचकीत लोखंडी रिम ही जोडी ओली झाली की ब्रेक दाबला काय नि न दाबला काय, सारखंच. सपाट भागात, हळू चालवायला ती ठीक. मांडवीहून मारुती मंदिराकडे रोज चढ-उतार करायचा असेल तर नको.

नवी घेणार असाल तर माझी पसंती अशी: डिस्क ब्रेक, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, मडगार्ड लावायला फ्रेमवर भोकं, आणि चढासाठी हलके गिअर. सस्पेन्शनवर पैसे घालवू नका. स्वस्त सस्पेन्शनमध्ये पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत ते गंजून बसतं. वाचलेल्या पैशांत चांगले टायर आणि दिवे घ्या.

४. टायरची नक्षी खोल असेल तर घसरत नाही ना?

डांबरी रस्त्यावर नक्षीचा फारसा संबंध नाही. मोटारीचं रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगतं, सायकलचं अरुंद टायर आपल्या वेगाला पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतंच. पकड देतं ते रबर आणि हवेचा दाब. पावसात नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय हवा कमी ठेवा. खोल नक्षी उपयोगी पडते ती मातीत, सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) कच्च्या वाटेवर.

५. पावसात ब्रेक लागतच नाहीत. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर दाबल्यावर पहिली दोन-तीन चक्कर ब्रेकचं रबर फक्त पाणी पुसत असतं. खरा ब्रेक त्यानंतर लागतो. ताशी २० किलोमीटरने चालला असाल तर सेकंदाला साडेपाच मीटर जाता, आणि चाकाच्या एका चकरेत सुमारे दोन मीटर. म्हणजे ब्रेक दाबल्यावर सहा मीटर तुम्ही तशाच वेगात पुढे जाता. एवढ्या अंतरात एक रिक्षा आणि तिच्यापुढची म्हैस दोन्ही मावतात. उपाय एकच: उतार सुरू होण्याआधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यायची आणि उतारभर अधूनमधून तसंच करत राहायचं.

दोन्ही ब्रेक एकदम, सरळ रेषेत, दाब हळूहळू वाढवत. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे चाक अडकवून शेपटीने घसरतात. वळणावर मात्र ब्रेक नाही. वेग वळणाआधी कमी करायचा, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, आणि वळण संपेपर्यंत बोटं ढिली.

आता रबराकडे बघा. आपल्या जांभ्याची लाल माती रबरात रुतते आणि रिम सॅंडपेपरसारखी घासते. 'खर्र खर्र' आवाज आला की तीच. आठवड्यातून एकदा ब्रेकची रबरं तपासून रुतलेले कण सुईने काढा. केबलवाल्या डिस्कचे पॅड पावसाळ्यात झपाट्याने झिजतात, लिव्हर हँडलला टेकायला लागला की केबल ताणून घ्यावी लागते. आणि डिस्कला किंवा रिमला तेलाचा हात लावायचा नाही. 'किरकिर वाजत होती म्हणून तेल सोडलं' असं सांगणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात.

६. नेमकं घसरतं कुठे?

रस्त्यावर जे जे चकचकीत दिसतं तिथे. झेब्रा क्रॉसिंगचे आणि कडेचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्यातली लोखंडी पट्टी, दुकानासमोरच्या उतरत्या फरश्या. या सगळ्यांवरून सरळ आणि काटकोनात जायचं, तेवढ्यापुरतं वळणं आणि ब्रेक बंद.

नंतर शेवाळ. पाखाडीच्या पायऱ्या, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेची सावलीतली वाट, देवळाच्या आवारातला जांभा. जुलैनंतर हे सगळं हिरवं आणि बुळबुळीत होतं. तिथे उतरून चालावं, त्यातही चपला काढून चाललेलं बरं.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी तेलकट असतं आणि मिरकरवाडा बंदराकडून येणाऱ्या रस्त्यांच्या चढांवर, वळणांवर त्याचे ओघळ पडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा हा त्रास जवळजवळ नसतो. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या की पुन्हा सुरू. दोन महिने बिनधास्त चालवलेल्या वळणावर ऑगस्टमध्येच माणसं पडतात.

७. रेनकोट, पोंचो, विंडचीटर की छत्री?

छत्री नाही. एका हाताने छत्री आणि एका हाताने हँडल हे आपल्याकडे सर्रास दिसतं, मीही कॉलेजात केलेलं आहे. राजिवड्याच्या बाजूला एका उतारावर वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि मी सरळ गडग्यावर. छत्री दुरुस्त झाली, समोरचा दात नाही झाला.

पोंचो शांत पावसात छान, खाली हवा खेळती राहते. वारा असला की त्याचं शीड होतं. मोटारसायकलचा जाड रेनकोट घातलात तर चढावर घामाने आतून भिजाल, म्हणजे भिजणं चुकत नाहीच. माझा अनुभव असा की घरून ऑफिसला जाताना पातळ, काखेत झडप असलेलं जॅकेट घालावं आणि घरी परतताना काहीही न घालता खुशाल भिजावं. डोक्यात हेल्मेटखाली पुढे चोच असलेली कापडी टोपी घाला. डोळ्यांत पाणी जात नाही. जॅकेटचा रंग पिवळा किंवा केशरी. काळा-करडा रेनकोट मळभात दिसत नाही.

८. चष्मा आहे, काहीच दिसत नाही.

प्रश्न ७ मधली टोपी हाच निम्मा इलाज. वाफ धरू नये म्हणून काचेवर अंगाच्या साबणाचा कोरडा हात फिरवून मऊ कापडाने पुसून घ्या. तरीही दिसेनासं झालं तर थांबा. चष्मा खिशात घालून अंदाजाने चालवणारे मला माहीत आहेत, त्यांच्या मागून जायला मी तयार नाही.

९. ऑफिसात ओल्या कपड्यांचं काय करायचं?

सोमवारी कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि चपला ऑफिसात नेऊन ठेवायच्या, शनिवारी घरी आणायच्या. जाताना सिंथेटिक कपडे घाला. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, जीन्स तर दोन दिवस वाळत नाही. पंख्याखालची खुर्ची पकडा आणि सहकाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा, कुबट वासाला शेवटी तेच तोंड देतात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की संध्याकाळपर्यंत बरेच सुकतात. मी बूट सोडून मागे पट्टा असलेल्या रबरी सँडलवर आलो, तेव्हापासून सुखी आहे. ओल्या कपड्यात दिवसभर बसू नका, मांड्यांत गजकर्ण होतं आणि ते दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

१०. लॅपटॉप आणि मोबाइल कसा न्यायचा?

बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडून. बॅगेवरचं कव्हर वरून येणारं पाणी अडवतं, पाठीवरून ओघळणारं अडवत नाही. मोबाइल झिपवाल्या पिशवीत, आणि थोडी रोकड वेगळ्या पिशवीत. ओल्या बोटांनी पैसे पाठवायचा प्रयत्न चहाच्या टपरीवर करून बघा, मग रोकड का ते कळेल.

११. दिवा लागतोच का? माझ्या सायकलला डायनामो आहे.

टायरला घासून फिरणारा बाटलीचा डायनामो ओल्या टायरवर घसरतो. म्हणजे नेमका हवा तेव्हाच विझतो. चार्जिंगचा दिवा घ्या, मागे लाल, पुढे पांढरा, आणि मुसळधार पावसात तो भर दुपारीही चालू ठेवा. डब्यावर आयपीएक्स-४ लिहिलं असेल तर तो शिंतोड्यांपुरता आहे. आपल्याकडे आयपीएक्स-६ किंवा त्याहून वरचा घ्यावा. मागचा दिवा मडगार्डच्या वर आहे आणि रेनकोटच्या सोग्याखाली झाकला जात नाही, हे दुसऱ्याला मागे उभं करून बघून घ्या.

१२. भाट्याच्या पुलावर वारा ढकलतो. पडायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि पूल खाडीच्या तोंडावर उघडा, अडवायला काहीच नाही. सरळ वाऱ्यापेक्षा त्रास देतो तो तुटणारा वारा. शेजारून बस किंवा ट्रक गेला की क्षणभर वारा बंद होतो आणि तुम्ही वाऱ्याकडे कललेले असता, म्हणून गाडीकडे ओढल्यासारखे होता. गाडी पुढे गेली की वारा एकदम परत आदळतो. मोठी गाडी मागून येताना ऐकू आली की वेग कमी करा, कोपर सैल ठेवा, हलका गिअर घ्या आणि कठड्याला अगदी चिकटून जाऊ नका. सरकायला हातभर जागा राहू द्या. पोंचो आधीच काढून ठेवा. वारा फारच असेल तर उतरून, सायकल वाऱ्याच्या बाजूला धरून चाला. यात कमीपणा नाही, पट्टीचे सायकलवालेही चालतात.

१३. कुठल्या दिवशी सायकल काढायचीच नाही?

हवामान खात्याच्या रंगांवरून ठरवायला सोपं जातं. त्यांच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. माझा नियम: पिवळा असेल तर नेहमीसारखं, केशरी असेल तर शहरातल्या शहरात आणि उजेडात, लाल असेल तर सायकल पडवीत. रंग कुठलाही असो, विजा (प्रश्न १५) किंवा रस्त्यावरून वाहतं पाणी (प्रश्न १४) असलं तर नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती थोड्या वेळात ते चढलं हे चिपळूणकरांना विचारा.

१४. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी आहे, पण पलीकडे दिसतंय. जाऊ का?

आधी बघा, पाणी साचलंय की वाहतंय.

साचलेलं असेल आणि रस्ता पायाखालचा असेल तर उतरून, सायकलचा काठीसारखा आधार घेत, रस्त्याच्या मधून चालत जा. कडेला गटार असतं आणि पावसाळ्यात त्याची झाकणं जागेवर असतीलच असं नाही. ज्या खड्ड्याला तुम्ही रोज चुकवता तोही पाण्याखाली दिसत नाही.

वाहतं असेल, म्हणजे साकवावरून (छोट्या पुलावरून) पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी जात असेल, तर घोट्याएवढं असलं तरी नाही. वीतभर वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडतं, आणि सायकलची दोन चाकं आडव्या प्रवाहात आणखी ओढली जातात. गढूळ पाण्याखाली साकव शिल्लक आहे की नाही हेही कळत नाही. सहसा आपल्याकडचे पऱ्ये डोंगरातली सर थांबली की तास-दोन तासांत उतरतात. तोवर कुणाच्या तरी ओटीवर चहा मिळतो.

१५. विजा चमकत असताना रबरी टायरमुळे आपण सुरक्षित असतो ना?

अजिबात नाही. मोटारीत माणूस वाचतो तो बाहेरच्या धातूच्या पत्र्यामुळे. टायरचा त्यात काही वाटा नाही. सायकलवर तुम्ही उघडेच.

कोकणात विजांचा जोर पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त असतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी जपा. वीज चमकली की सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला तर पक्क्या इमारतीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. सड्यावर अडकलात तर तिथे सगळ्यात उंच तुम्हीच असता. सायकल दूर आडवी टाका, एकट्या झाडाखाली जाऊ नका, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये असू द्या, आसपास वीज पडत असल्याचा इशारा त्यावर येतो.

१६. मिऱ्या, मांडवीला फेरी मारायला उधाणात जाऊ नये म्हणतात. वेळ कशी कळणार?

मच्छीमारांचा जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा, येईल तो पूर्ण भरतीचा सुमार. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे, पण फेरी ठरवायला पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस भरती मोठी असते. त्यात नैऋत्येचा वारा मिळाला की मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून लाटा दगड-वाळूसकट रस्त्यावर येतात. त्या दिवसांत भरतीच्या आधी आणि नंतर दीड-दोन तास तिकडे नकोच. ओहोटीला जा, किनाराही मोठा मिळतो. परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा (प्रश्न १७).

१७. साखळी आठवड्यात लाल होते. खोबरेल तेल लावू का?

नको. खोबरेल पावसाने धुऊन जातं आणि जे उरतं ते चिकट होऊन माती धरतं. शिलाई मशीनचं तेल एका सरीपुरतं टिकतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, वर तेल द्यावंच लागतं. सायकलच्या दुकानात ओल्या हवेसाठीचं घट्ट चेन ऑइल मिळतं, ते घ्या.

रोज घरी आल्यावर दोन मिनिटं: जुन्या बनियनचा तुकडा साखळीभोवती धरून पेडल उलटं फिरवायचं, पाणी-माती निघेपर्यंत. मग सांध्या-सांध्यावर एकेक थेंब. सकाळी निघताना वरचं तेल पुसून टाकायचं. तेल साखळीच्या आत हवं, बाहेरचं फक्त माती गोळा करतं. आठवड्यातून एकदा रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून साफ करा, ब्रेकवर उडणार नाही एवढं जपून.

खारा वारा साखळीपेक्षा फ्रेमचं जास्त नुकसान करतो, कारण ते आतून होतं आणि दिसत नाही. सीटच्या दांड्यातून पाणी फ्रेममध्ये उतरतं आणि खाली पेडलच्या बेअरिंगपाशी साचतं. महिन्यातून एकदा सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा. पहिल्या वेळी माझ्या सायकलमधून पेलाभर लाल पाणी निघालं होतं. दांड्याला ग्रीस लावून परत बसवा. धुताना बादली आणि तांब्या. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा मारून घेऊ नका, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत घालतो.

१८. पावसाळ्यातच एवढी पंक्चर का होतात?

पाण्याने काच आणि काटा रबरात सहज घुसतो, आणि वाहून आलेली सगळी खडी-काच रस्त्याच्या कडेला साचते, जिथे आपण चालवतो. कडेपासून दोन हात आत चालवा. भर पावसात ठिगळ चिकटत नाही, म्हणून जादा ट्यूब आणि पंप जवळ हवा; फाटकी ट्यूब घरी कोरडी करून जोडा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला ना, ते बघा.

१९. गुरं, कुत्री आणि साप?

गुरं पावसात डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण तिथे चिखल कमी आणि माशा कमी. अंधारात काळी म्हैस दिसत नाही, दिवा (प्रश्न ११) तिच्यासाठीच आहे. कुत्रं मागे लागलं तर थांबून सायकल मध्ये धरा, बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो.

सापांत आपल्याकडे लक्ष ठेवायचं ते फुरशावर. लहानसं, मातकट, रस्त्याच्या कडेच्या दगडात मिसळून जाणारं. चालत्या सायकलवर त्याचा धोका कमी. पंक्चर काढायला किंवा लघवीला कडेला उतरता तेव्हा असतो. पाय टेकवण्याआधी टॉर्च मारा. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. पाय हलवू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं.

२०. साचलेल्या पाण्यातून आलो, पायाला जखम होती. काही करावं का?

साबणाने स्वच्छ धुवा, जखम कोरडी करून झाका. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि 'मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो' हे स्वतःहून सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते त्यांना ठरवू द्या. शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नका.

२१. रविवारी लांब कुठे जावं? आंबा घाट करू का?

घाट जुलैत नको. दरडी, धुकं आणि त्याच धुक्यातून उतरणारे ट्रक. सप्टेंबरच्या उघडिपीत पहाटे जा. तोवर साखरतरवरून आरे-वारे, पुढे गणपतीपुळे हा रस्ता आहे. चढ दमवतात, पण वळणावळणाला समुद्र. आरे-वारेच्या उतारावर प्रश्न ५ आठवा. दुसरा पावसचा रस्ता, भाट्याचा पूल ओलांडून. श्रावणानंतर सडे फुलतात तेव्हा उक्षीकडे वळलात तर कातळशिल्पंही बघून होतात. सड्यावर सायकल डांबरापाशीच ठेवा, फुलं आणि शिल्पं दोन्ही पायीच बघायच्या गोष्टी आहेत.

२२. ई-सायकल पावसात चालते का? लायसन्स लागतं?

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणीही नाही आणि लायसन्सही नाही. पावसाचे थेंब तिला चालतात, बुडणं चालत नाही. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर असते, तिथवर पाणी असेल तर वळा. ओली सायकल लगेच चार्जिंगला लावू नका, आधी पिन आणि खाच कोरडी पुसा. ओल्या चढावर मोटरचा जोर एकदम घेतलात तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून सर्वांत कमी पातळीवर सुरुवात करा.

२३. मुलीला शाळेत सायकलने पाठवू का? आठवीत आहे.

रस्ता तुम्ही स्वतः तिच्यासोबत पावसात एकदा सायकलने जाऊन बघा, मोटारसायकलने नव्हे. मुख्य रस्ता कमीत कमी लागेल अशी वाडीतली वाट शोधा, चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील. दप्तर पाठीवर नको, मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधलेलं. रेनकोटचा सोगा आणि ओढणी चाकात जाणार नाही हे बघा. आणि जास्त पाऊस असेल तेव्हा सायकल शाळेतच ठेवून रिक्षाने यायची मुभा तिला आधीच देऊन ठेवा, भाड्याच्या पैशांसकट. ओरडा बसेल या भीतीने मुलं नको त्या पाण्यात सायकल घालतात.

२४. गणपतीत सायकलने गावी जाता येईल का?

गावातल्या गावात आरतीला, माटवीचं (गणपतीवर टांगायच्या, रानफळं-पानं बांधलेल्या चौकटीचं) सामान आणायला सायकलसारखी सोय नाही. हायवेवर मात्र चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस जाऊ नका. मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेला चाकरमानी हातखंब्याला पोचतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. माटवीचे कवंडळ आणि कांगण्यांचे घोस हँडलला लटकवू नका, चाकात जातात. मागच्या कॅरिअरवर करंडी बांधा.